दुसरा मॉनिटर दिसत नाहीये? आधी कॅबिनेटच्या मागे बघा

स्वतः जोडलेल्या पीसीवर दुसऱ्या मॉनिटरला 'नो सिग्नल' आलं, की लोक थेट ड्रायव्हर (ग्राफिक्स चालवणारं सॉफ्टवेअर) उडवायला घेतात. थांबा. कॅबिनेटच्या मागे टॉर्च मारा. यूएसबीच्या शेजारचं एचडीएमआय मदरबोर्डचं. त्याखाली आडव्या पट्टीत असतात ती पोर्टं ग्राफिक्स कार्डाची. कार्ड लावल्यावर बरेच मदरबोर्ड वरचं पोर्ट आपोआप बंद करतात. एक केबल वर, एक खाली, हा घोळ मीही घातलाय. दोन्ही कार्डातच खोचा, मग विंडोज आणि पी दाबून 'एक्स्टेंड' निवडा.

स्क्रीन अजून काळीच? विंडोज, कंट्रोल, शिफ्ट, बी एकदम दाबा. ड्रायव्हर रीसेट होतो. तरीही नाहीच, तर सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्याच गोष्टींसह सुरू होतं तो मोड) डीडीयू, म्हणजे 'डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर' या टूलने जुना ड्रायव्हर पुसून नवा टाका. त्याआधी नेट बंद करा, नाहीतर विंडोज मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं.