हॉटेलला एक स्टार देताना या चुका टाळा

जेवण बेचव, वेटर उर्मट, बिल अवाच्या सवा. घरी येऊन मोबाइलवर राग काढला आणि आठवड्याभरात वकिलाची नोटीस हजर: रिव्ह्यू काढा, माफी मागा, नाहीतर पाच कोटी भरा. एका स्टारमुळे सहसा कोणी एवढं करत नाही. अडकवतो तो बहुधा त्याखाली लिहिलेला एखादा शब्द.

चव सांगायची सोडून कारण सांगणं

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. 'पनीर आंबट लागलं' हे तुमच्या जिभेचं मत झालं. 'पनीर भेसळीचं आहे' हा आरोप. मग प्रयोगशाळेचा अहवाल कुठाय? 'किचनमध्ये झुरळं फिरतात' असं लिहायला तुम्ही किचनमध्ये गेला होतात का? 'टेबलावर झुरळ दिसलं, वेटरला दाखवलं, तो हसला' हे घडलेलं आहे, तेच लिहा. वाचणाऱ्याला जे कळायचं ते कळतं. 'चोर', 'लुटारू' हे शब्द टाळाच. त्याऐवजी मेन्यूतला दर आणि बिलातला दर शेजारी शेजारी ठेवा, ते जास्त झोंबतं.

1 जुलै 2024 पासून फौजदारी अब्रुनुकसानी भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. कंपनीचीही बदनामी होऊ शकते, असं या कलमात स्पष्ट म्हटलं आहे. सद्भावनेने, लोकांना सावध करण्यासाठी लिहिलेल्या मजकुराला अपवाद आहे. पण पुरेशी काळजी न घेता केलेली गोष्ट कायदा सद्भावनेची मानत नाही. म्हणजे 'शेजारच्या काकूंनी सांगितलं' एवढ्यावर भागत नाही. शिवाय दिवाणी दाव्यात विधान खरं असणं हा पक्का बचाव असला, तरी फौजदारीत ते लोकहिताचंही असावं लागतं.

'66अ रद्द झालंय ना, मग कसली भीती?'

ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये रद्द केलं, हे खरं. पण त्याच न्यायालयाने 2016 मध्ये फौजदारी अब्रुनुकसानीची तरतूद घटनात्मक ठरवली. हा दुसरा निकाल लोक सोयीस्कर विसरतात.

बिल फेकून देणं

पुरावा म्हणजे बिल आणि त्याच वेळी काढलेला फोटो. बिलावर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) 14 अंकी क्रमांक असतो. पोट बिघडलं असेल, भेसळीचा संशय असेल, तर तो क्रमांक देऊन एफडीएकडे (राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे) तक्रार करा. अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेल्या तक्रारीला कलम 356 मध्ये वेगळा अपवाद आहे. जे चारचौघांत सिद्ध करता येत नाही, त्याची चौकशी तिथे मागता येते.

'बिल माफ करा, नाहीतर एक स्टार'

हे विनोदानेही म्हणू नका. बदनामीची भीती घालून पैसे किंवा फुकट जेवण उकळणं ही खंडणी. न्याय संहितेच्या कलम 308 खाली शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. अब्रुनुकसानीपेक्षा हे कितीतरी जड प्रकरण.

भावंडांना, मित्रांना सांगून न खाताच एकेक स्टार टाकायला लावणं तर निव्वळ आचरटपणा. खोट्या नावाच्या खात्यामागचा माणूसही कोर्टाच्या आदेशाने शोधता येतो.

नोटीस आली की घाबरून सगळं पुसणं

वकिलाची नोटीस हा कोर्टाचा आदेश नसतो. नोटिशीत पाच कोटी लिहायला काही लागत नाही. तेवढ्या रकमेचा दावा लावायचा तर कोर्ट फी भरावी लागते. दिवाणी दाव्याला मुदत साधारण एक वर्षाची. फौजदारी गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे, त्यामुळे 'पोलीस उचलून नेतील' ही धमकी पोकळ. तक्रार मॅजिस्ट्रेटपुढे जाते आणि फौजदारी खटल्यांची पद्धत ठरवणाऱ्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखल घेण्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं.

पण नोटीस ड्रॉवरमध्ये टाकूनही देऊ नका. आधी रिव्ह्यू, हॉटेलचं उत्तर आणि तारखा दिसतील असे स्क्रीनशॉट काढून ठेवा. मग थंड डोक्याने वाचा. एखादं वाक्य सिद्ध करता येणार नसेल तर तेवढंच बदला, अनुभव राहू द्या. उत्तर वकिलाकडूनच पाठवा. रात्री अकरा वाजता हॉटेलमालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर नाही.