गल्लीतली तक्रार पालिकेपर्यंत कशी न्यावी?

आमच्या रस्त्याच्या वळणावरचा दिवा अडीच महिने बंद होता. मी तीनदा तक्रार केली आणि तिन्ही वेळा 'तक्रार निकाली' असा संदेश आला. दिवा काही लागला नाही. चौथ्या खेपेला वायरमनशीच गाठ पडली. मी तावातावाने बोलायला लागलो, तर त्याने शांतपणे मोबाइल पुढे धरला. "साहेब, तुम्ही लिहिलंय 'वळणावरचा दिवा'. या रस्त्याला वळणं चार. मी ज्या वळणावर आलो तिथला दिवा चालू होता, तसा शेरा मारला." आम्ही उभे होतो त्या खांबावर पांढऱ्या रंगात ठसठशीत नंबर रंगवलेला होता. अडीच महिने मी तो येता-जाता बघत होतो आणि एकदाही लिहिला नव्हता.

तेव्हापासून अर्ज लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर आयुक्त नसतात, तो वायरमन असतो. अर्जावर सही साहेबांची होते, पण कागद घेऊन जागेवर जातो तो मुकादम, फिटर किंवा कनिष्ठ अभियंता. त्याला कुणालाही काही न विचारता कामाला हात घालता येईल, एवढी माहिती अर्जात हवी.

आधी ठरवा : फोन की अर्ज

उघडं मॅनहोल, तुटून लोंबणारी वीजतार, रस्त्यात आडवं झालेलं झाड. असल्या गोष्टींसाठी अर्ज लिहीत बसू नका. आपत्कालीन नंबर लावा, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दुरूनच सावध करा, तारेजवळ कुणाला फिरकू देऊ नका. लेखी तक्रार नंतर करा, पण करा; फोनची नोंद कुठे राहते याचा भरवसा नसतो.

बाकीच्या कामांसाठी मात्र हा नंबर अडवू नका. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात ९११ या आपत्कालीन क्रमांकावर बिनतातडीच्या फोनची इतकी गर्दी व्हायला लागली, की १९९६ साली तिथे अशा कामांसाठी ३११ हा वेगळा क्रमांक सुरू करावा लागला. पुढे अनेक शहरांनी तो उचलला.

काम नेमकं कोणाचं, हे शोधा

अर्धे अर्ज इथेच वाया जातात. रस्ता पालिकेचा, त्यावरचा खांब वीज कंपनीचा, खालची जलवाहिनी पाणीपुरवठ्याची आणि पाहिजे तेव्हा रस्ता खोदणारी केबल कंपनी चौथीच. मोठा रस्ता असेल तर तो पालिकेच्या हद्दीतून जात असूनही महामार्ग खात्याच्या ताब्यात असू शकतो. नव्या वसाहतीत तर विकसकाने रस्ता अजून पालिकेकडे हस्तांतरितच केलेला नसतो.

काही खुणा जागेवरच सापडतात. चेंबरच्या लोखंडी झाकणावर बहुतेक वेळा खात्याची किंवा कंपनीची आद्याक्षरं ओतलेली असतात. पायाने माती सरकवून वाचा. खांबावर नंबर असतो, रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर) पाटी असते. नाहीच कळलं तर क्षेत्रीय कार्यालयात जाऊन एकच प्रश्न विचारा : "हा रस्ता तुमच्या ताब्यात आहे का?" 'ताब्यात' हा शब्द महत्त्वाचा. 'हे कोण करतं' असं विचारलं की दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखवलं जातं. ताब्याचं विचारलं की नोंदवही उघडावी लागते.

अधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांच्यातही फरक करा. असलेली वस्तू बिघडली असेल तर दुरुस्ती हे प्रशासनाचं नेहमीचं काम, तिथे अभियंत्याकडेच जा. नसलेली वस्तू हवी असेल, म्हणजे नवा पदपथ, नवं उद्यान, नवी गटारलाइन, तर तरतूद लागते आणि तरतुदीसाठी नगरसेवक लागतो. ही मागणी अंदाजपत्रक मंजूर झाल्यावर नेली तर पुढच्या वर्षाचं आश्वासन मिळतं. आर्थिक वर्ष सुरू व्हायच्या चार-सहा महिने आधी खात्यांकडून प्रस्ताव मागवले जातात, तेव्हा ती त्यांच्या टेबलावर हवी. ब्राझीलच्या पोर्तो आलेग्री शहराने तर १९८९ पासून अंदाजपत्रकातला काही भाग थेट वस्त्यांच्या सभांमधून ठरवायला सुरुवात केली. आपल्या शहरात अशी सोय असेल तर तिची मुदत चुकवू नका.

जागा, माप आणि फोटो

न्यूयॉर्कची एक गोष्ट मला फार आवडते. तिथे १९७९ मध्ये एक कायदा झाला : रस्त्यातल्या किंवा पदपथातल्या दोषामुळे कुणी पडलं, तरी त्या दोषाची लेखी सूचना शहराला आधी मिळालेली असेल आणि १५ दिवसांत दुरुस्ती झाली नसेल, तरच शहर जबाबदार. मग वकिलांच्या संघटनेने १९८२ मध्ये चक्क एक कंपनी काढली. तिची माणसं शहरभर फिरून प्रत्येक भेग, प्रत्येक खड्डा नकाशावर खुणेने टिपायची आणि ते नकाशे शहराकडे दाखल करायची. लेखी सूचना दिली, विषय संपला! पण २००८ मध्ये एका प्रकरणात नकाशावरची खूण नेमकी कसली हे वरिष्ठ न्यायालयालाच लागेना. वेडावाकडा काढलेला क्रॉस म्हणावा, हिब्रू अक्षर म्हणावं की दांडा नसलेलं दाताळं? खुणांच्या यादीत तसलं काही नव्हतंच. ती सूचना ग्राह्य धरली गेली नाही.

म्हणून खूण स्वच्छ काढा. जागा सांगताना हलणारी वस्तू धरू नका. 'जिथे रिक्षा उभ्या असतात तिथे' याचा सकाळी सहाला काही उपयोग नाही. खांबाचा नंबर, घराचा क्रमांक, त्यापासून किती पावलं आणि कोणत्या दिशेला, एवढं पुरे. मोबाइलवरून नकाशातलं ठिकाणही जोडा, पण फक्त त्यावर भिस्त ठेवू नका, कारण ते बऱ्याचदा काही मीटर इकडेतिकडे दाखवतं आणि खांब तर दर काही मीटरवर असतात.

फोटो दोन हवेत. एक लांबून, ज्यात आजूबाजूची ओळखीची इमारत किंवा खांब दिसतो. दुसरा जवळून, ज्यात मापासाठी काहीतरी ठेवलेलं असतं. पट्टी असेल तर उत्तम, नाहीतर पाण्याची बाटलीही चालते. नुसत्या खड्ड्याच्या जवळच्या फोटोत तो बशीएवढा आहे की घमेल्याएवढा, हे कळत नाही. दिव्याची तक्रार असेल तर फोटो रात्रीचा काढा. कर्मचाऱ्यांच्या चेहऱ्याचे फोटो काढत सुटू नका. ज्याच्याकडून काम करून घ्यायचं त्यालाच आरोपी करून कसं चालेल?

वारंवार होणाऱ्या त्रासासाठी वही घाला. 'कचऱ्याची गाडी कधीच येत नाही' हे वाक्य आरोग्य निरीक्षक एका फटक्यात खोडून काढतो, कारण गाडी काल आलेली असते. 'गेल्या २१ दिवसांत ९ दिवस गाडी आली नाही, तारखा सोबत जोडल्या आहेत' याला उत्तर द्यायचं तर त्याला त्याची हजेरी काढावी लागते. तीन आठवडे रोज एक ओळ लिहायची, एवढंच काम आहे. एकच खड्डा पुन्हापुन्हा पडत असेल तर तेही तारखांसह मांडा, आणि कोरड्या दिवसांतही तिथे ओल दिसते का ते बघा. दिसत असेल तर खाली पाइप गळत असण्याची शक्यता मोठी, आणि वरून कितीही डांबर ओतलं तरी पाणी ते उचकटणारच. मग अर्ज रस्ते विभागाबरोबर पाणीपुरवठ्यालाही जायला हवा.

अर्ज

एका अर्जात एकच विषय. दिवा, गटार आणि भटकी कुत्री एकत्र लिहिली की अर्ज ज्या टेबलावर पहिला पडतो तिथे एकाची दखल घेतली जाते आणि उरलेले दोन विषय तिथेच मुरतात. लांबी एका पानाच्या आत. साधारण असा :

*विषय : खांब क्र. ४१७ जवळील चेंबरचे झाकण खचल्याबाबत.*

*महोदय, शाळेच्या मागील रस्त्यावर, दिव्याचा खांब क्र. ४१७ पासून शाळेच्या दिशेने सुमारे ६ मीटरवर पावसाळी गटाराच्या चेंबरचे झाकण रस्त्याच्या पातळीपेक्षा सुमारे १० सेंटिमीटर खाली गेले आहे. ३ जूनपासून ही स्थिती आहे. ७ व ११ जून रोजी येथे दोन दुचाकी घसरल्या. झाकण रस्त्याच्या पातळीला आणून पक्के करावे व तोपर्यंत तेथे बॅरिकेड लावावे, ही विनंती. स्थळपाहणीची तारीख कळवल्यास आमच्यापैकी एक जण जागेवर हजर राहील. सोबत : २ फोटो व जागेचा कच्चा नकाशा.*

यात 'वारंवार विनंती करूनही प्रशासन झोपेचे सोंग घेत आहे' हे वाक्य नाही. लिहायचा मोह होतो, मी बऱ्याचदा लिहिलंय आणि बऱ्याचदा खोडलंय. अर्जातली सगळ्यात कामाची ओळ स्थळपाहणीची. अभियंता येतो तेव्हा आपलं माणूस शेजारी असलं की 'जागा सापडली नाही' हा शेरा पडत नाही.

मागणी करताना उपाय सांगण्यापेक्षा अडचण सांगा. 'इथे गतिरोधक बसवा' म्हटलं की उत्तर ठरलेलं : नियमात बसत नाही. 'शाळा सुटताना मुलांना रस्ता ओलांडता येत नाही, त्या वेळेत मोजलेल्या गाड्यांची नोंद सोबत आहे' म्हटलं, तर झेब्रा पट्टे, फलक, अरुंद केलेला रस्ता, वाहतूक पोलीस, असे चार मार्ग अभियंत्यासमोर उघडे राहतात.

पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका

प्रत्यक्ष अर्ज देत असाल तर दोन प्रती न्या. दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. ऑनलाइन केलीत तर तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट काढा. अधिकाऱ्याशी बोलणं तोंडी झालं असेल तर त्याच संध्याकाळी दोन ओळींचा ईमेल टाका : आज आपली भेट झाली, आपण अमुक तारखेपर्यंत पाहणी करू म्हणालात, आभारी आहे. समाजमाध्यमावर टाकलेल्या फोटोला लगेच 'संबंधित विभागाला कळवले आहे' असं उत्तर येतं खरं, पण क्रमांक मिळत नाही तोवर त्याला तक्रार समजू नका.

शेजाऱ्यांना सोबत घेताना

सह्यांचा अर्ज चांगलाच, पण प्रत्येक सहीसमोर नाव आणि घर क्रमांक हवा. संपर्कासाठी दोनच माणसं ठेवा, दहा जणांनी दहा फोन केले की साहेब दहा वेगळी उत्तरं देतात.

त्याआधी घरातलं भांडण घरात मिटवा. झाडाची फांदी एकाला दिव्याच्या उजेडाआड येते, दुसऱ्याला तीच दुपारची सावली असते. एका बाजूला पार्किंग केलं की अर्ध्या गल्लीची सोय होते आणि उरलेल्या अर्ध्या गल्लीची गैरसोय. दोन गट दोन उलट अर्ज घेऊन गेले, की 'रहिवाशांत एकमत नाही' एवढं लिहून फाइल बंद करायला कोणालाही आवडेल. एक बैठक घ्या, वाद असलेला भाग बाजूला ठेवा, जेवढ्यावर सगळे राजी आहेत तेवढंच आधी न्या.

सभेत किंवा जनसुनावणीत बोलायची संधी मिळाली तर वेळ आधी विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी दोन-तीन मिनिटंच मिळतात. तीन मिनिटांत सावकाश बोलून साधारण तीनशे शब्द होतात. पहिल्या वाक्यात मागणी सांगा, मग कारण. प्रास्ताविक, मान्यवरांची नावं, शहराचा गौरवशाली इतिहास यात पहिलं मिनिट गेलं की घंटा वाजते तेव्हा आपण अजून गटाराच्या अलीकडेच असतो.

काहीच हललं नाही तर

पायऱ्या एकेक करून चढा : कनिष्ठ अभियंता, मग त्याचा वरिष्ठ, मग क्षेत्रीय अधिकारी, मग आयुक्त. प्रत्येक वेळी मागच्या अर्जाची पोच जोडा. थेट आयुक्तांकडे गेलेला अर्ज फिरून त्याच कनिष्ठ अभियंत्याकडे येतो, आणि येताना त्याचा मूड बिघडवून येतो. नागरिकांच्या तक्रारी ऐकणारा स्वतंत्र लोकपाल किंवा लोकआयुक्त असेल तर तिथली दारं बहुधा खालच्या पायऱ्या झाल्यावरच उघडतात.

माहिती अधिकार हे दुसरं साधन. स्वीडनने १७६६ मध्येच सरकारी कागद बघण्याचा हक्क दिला; भारतात तो कायदा २००५ मध्ये झाला आणि साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, तर ब्रिटनमध्ये कामकाजाच्या २० दिवसांत. इथे 'काम का झालं नाही?' असं विचारू नका, 'का' ला कागद नसतो. कागदच मागा : आवक क्रमांक अमुकवरील शेऱ्यांची प्रत, स्थळपाहणी अहवाल, कामाचा कार्यादेश (काम सुरू करायचा लेखी हुकूम), मोजमाप पुस्तिकेतली (झालेल्या कामाची मापं लिहायच्या वहीतली) नोंद.

आणि कंत्राटातली दोषदायित्वाची मुदत विचारायला विसरू नका. या मुदतीत रस्ता उखडला तर कंत्राटदाराने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो, म्हणजे 'निधी नाही' हे उत्तर तिथे लागू होत नाही.

काम झाल्याचा संदेश आला की त्याच दिवशी जागेवर जा, पहिल्या दोन फोटोंच्याच कोनातून पुन्हा दोन फोटो काढा. काम अर्धवट असेल तर नवी तक्रार करू नका. जुनीच पुन्हा उघडायला लावा, म्हणजे दिवस पहिल्या तारखेपासून मोजले जातात. नीट झालं असेल तर त्या कर्मचाऱ्याच्या साहेबाला आभाराचं दोन ओळींचं पत्र द्या आणि दोषदायित्वाची मुदत संपायच्या महिनाभर आधीची तारीख मोबाइलमध्ये लावून ठेवा. त्या दिवशी पुन्हा एकदा जाऊन झाकणावर पाय दाबून बघायचं.