खान्देशातून ललित कला केंद्रात येणाऱ्यांसाठी

पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नंबर लागला, पेढे वाटून झाले, चौकात अभिनंदनाचा बॅनरही लागला असेल. तो बॅनर उतरायच्या आत कागद गोळा करा. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतली कॉलेजं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची. तिथून पदवी घेऊन पुण्यात एम.ए.ला येणाऱ्याला मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं आणि त्यासाठी अर्ज आपल्याच विद्यापीठाकडे करायचा असतो. पुण्यात येऊन पडल्यावर हे आठवलं तर पुन्हा जळगाव गाठा. टी.सी., उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जात वैधता हे सगळं गावाकडे असतानाच उरकायचं. तहसीलच्या चकरा मग म्हाताऱ्या बापाला माराव्या लागतात, आणि जात वैधतेला तर महिने जातात.

महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला शेवटच्या आठवड्याची वाट बघू नका. नंदुरबार, धडगाव, अक्कलकुव्याकडच्या आदिवासी मुलामुलींना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर राहण्याजेवणाच्या खर्चासाठी स्वयंम योजना आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी तशीच स्वाधार. कलाशाखेच्या मुलांना हे आपल्यासाठी नाहीच असं वाटतं. इंजिनिअरिंगवाले मात्र बरोबर भरतात. अटी वाचा, अर्ज करा. पैसे उशिरा येतात हे धरून चाला, पहिल्या सहा महिन्यांचा हिशेब त्यांच्या जिवावर करू नका.

आता विभागाबद्दल थोडं, कारण काहीजण चुकीच्या दारात उभे असतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ सालचं. नावात ‘गुरुकुल’ आहे. संगीत, नृत्य, नाट्य या तीन विषयांत इथं बी.ए. आणि एम.ए. करता येतं. नाटककार सतीश आळेकर १९९६ ते २००९ इथं प्रमुख होते, नाट्यविभागाला मोठं नाव मिळालं त्यात त्या काळाचा वाटा आहे. पण ही जागा रंगमंचाची आहे. कॅमेरा, एडिटिंग, साउंड शिकायचं असेल तर लॉ कॉलेज रोडवरची फिल्म इन्स्टिट्यूट वेगळी. १९६० साली प्रभातच्या जुन्या स्टुडिओत सुरू झालेली ती संस्था केंद्र सरकारची, तिची प्रवेश परीक्षाही वेगळी. बातमीदारी करायची असेल तर रानडे इन्स्टिट्यूट. ती याच विद्यापीठाची, पण फर्ग्युसन रस्त्यावर. रील छान जमते म्हणून अभिनयाला आलात तर पहिले काही महिने जड जातील. इथं फोन बाजूला ठेवून तासन्‌तास नुसतं चालायला, उभं राहायला आणि श्वास घ्यायला शिकवतात.

पुणंच पाहिजे असंही नाही. जळगाव, जामनेर, पाचोऱ्याच्या मुलांना छत्रपती संभाजीनगर अर्ध्या वाटेवर आहे आणि तिथल्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग जुना, दमदार आहे. मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स २००३ पासून कलिन्याला चालू आहे. मालिका, डबिंग, जाहिरातीची कामं शिकतानाच शोधायची असतील तर मुंबई सोयीची, पण राहण्याचा खर्च ऐकून घरचे गप्प होतील. मी पुण्याचा पक्षपाती आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

राहण्याचा प्रश्न सगळ्यात मोठा. त्यात आपली पोरं एकाच ठिकाणी फसतात. प्रत्येकाच्या गावचा एखादा दादा सदाशिव पेठेत किंवा नवी पेठेत एमपीएससी करत असतो. तो मोठ्या मनाने म्हणतो, ये माझ्या रूमवर, कॉट टाकू एक. भाडं वाचतं, घरच्यांनाही आधार वाटतो. पण त्या खोलीत चारजण पहाटेपासून पोटाला चिमटा काढून वाचत बसलेले असतात. तिथं तुम्ही षड्ज लावणार? स्वगत पाठ करणार? तत्कार करणार? पंधरा दिवसांत दादाचं तोंड बदलतं, आणि त्यात चूक त्याची नसते. आठवडाभर पाहुणे म्हणून राहा, तेवढ्यात आपली सोय बघा.

सोय बघताना वर्ग किती वाजता भरतो ते विचारू नका, तालीम किती वाजता सुटते ते विचारा. वर्ग दिवसा असतात. पण प्रयोग जवळ आला की तालीम रात्री संपते, त्यानंतर सामान आवरायचं, झाडायचं, उद्याचं ठरवायचं. त्या वेळी पीएमपीची बस मिळेलच असं नाही आणि रोज रिक्षा परवडत नाही. म्हणून गणेशखिंडीतल्या विद्यापीठाच्या आवारातलं वसतिगृह मिळालं तर डोळे मिटून घ्या, खोली कशीही असो. अर्ज पहिल्याच दिवशी टाका, जागा कमी आणि मागणारे फार. नाही मिळालं तर औंध रोड, बोपोडी, खडकी, जुनी सांगवी या बाजूला कॉट बेसिसवर बघा. औंध गावठाण आणि मॉडेल कॉलनी जवळ आहेत, पण खिशाला लांब. तीन-चार जणांनी मिळून फ्लॅट घेतला तर भाडं निम्म्यावर येतं. सगळे एकाच विभागाचे असले तर झोपायच्या वेळाही जुळतात. विद्यापीठाचं आवार चारशे एकरांहून मोठं आहे, गेटपासून विभागापर्यंतही बरंच चालावं लागतं. सेकंडहँड सायकल घेतली तर तीन वर्षं पुरते.

घरमालकाशी बोलताना एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगा: मी गातो, मी नाचते, मी तबला वाजवतो. ते लपवून खोली घेतली तर खालच्या मजल्यावरचे काका पहिल्याच आठवड्यात वर येतात. रियाजाच्या वेळा ठरवून घ्या. कथकवाल्या मुलींनी तळमजला बघावा, शंभर घुंगरांखाली कोणाच्या डोक्यावरची स्लॅब येत नाही. ॲग्रीमेंट आणि डिपॉझिट कागदावर घ्या. ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून सोडून देऊ नका, तो माणूस जिभाऊच्या साडूचा साडू असला तरी.

जेवणाचं दुःख आपापलं. मेसच्या आमटीत गूळ असतो. महिनाभरात जीभ वळते किंवा तुम्ही गावाहून शेव, कळण्याचं पीठ आणि काळा मसाला आणायला लागता, तिसरा मार्ग मी पाहिला नाही. विद्यापीठात रिफेक्टरी आहे, पोट भरतं. शेवभाजीची फारच आठवण आली तर रविवारी चिखली-भोसरीकडे जा. एमआयडीसीत कामाला आलेला अर्धा खान्देश तिकडे राहतो, श्रावणात कानबाईसुद्धा बसते.

पहिल्या पावसाळ्यात घसा सांभाळा, हे गंमत म्हणून सांगत नाही. आपण पंचेचाळीस अंशांच्या भुसावळी उन्हातून येतो आणि इथं जुलैभर पिरपिर चालू असते. कपडे वाळत नाहीत, सर्दी जात नाही, आणि नेमका तेव्हाच आवाजाचा पहिला अभ्यास सुरू झालेला असतो. घसा बसला तर ओरडून तो ‘मोकळा’ करू नका, शिकवणाऱ्यांना सांगून गप्प बसा. भजनी मंडळात उंच पट्टीत गायलेल्या मुलांना गुरुजी सुरुवातीला खालच्या सुरात, हळूहळू, एकच एक ओळ म्हणायला लावतात. त्याचा राग येतो. वर्षभराने मंद्र सप्तकात आवाज उतरायला लागला की तो राग जातो.

आता बोलीचं. आपल्याकडे अहिराणी आहे, यावल-रावेरकडे लेवा गणबोली, नंदुरबारकडे भिली, पावरी, गुजरी. आपल्या तोंडी ळ चा य होतो आणि ण चा न. पहिल्या वाचनात कोणीतरी हसणार. हसू द्या. प्रमाण उच्चार शिकायचाच आहे, वाद घालत बसू नका. तो वाचिक अभिनयाचा भाग आहे. रोज अर्धा तास मोठ्याने वाचन करा, मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका. वर्षभरात जमतं.

खरा धोका पुढे आहे. उच्चार सुधारल्यावरही वर्गाला तुमचं अहिराणी आवडतं. कँटीनमध्ये ‘कथा चालना भाऊ?’ (कुठं चाललास?) म्हटलं की टाळी पडते. मग एकांकिकेत गावाकडचा गडी, बावळट पाहुणा, हवालदार या भूमिका आपोआप तुमच्याकडे येतात. हशा मिळतो, नाव होतं, आणि बघता बघता दोन वर्षं एकच सोंग करण्यात जातात. आपल्याकडचे किती गुणी नट या हशात अडकले ते मी दिव्यांच्या बोर्डमागून पाहत आलोय. म्हणून पहिल्याच वर्षी, कोणी न विचारता, जाऊन सांगा की मला संस्कृत नाटकातली भूमिका हवी, मला शोकांतिका करायची आहे, मला दिग्दर्शकाचा सहायक व्हायचंय. तोंडाने मागावं लागतं. आपल्याकडे मागणं म्हणजे लाचारी असं घरात शिकवलेलं असतं, तालमीत ते शिक्षण उपयोगाचं नाही.

आणि अहिराणी गंभीर नाटकाला वापरा. आईच्या मयताचा प्रसंग, कापसाच्या भावाचं भांडण, केळीच्या बागेत काम करणाऱ्या बाईचं स्वगत असं आपल्या बोलीत लिहून वर्गात करून दाखवा. तेव्हा कोणी हसत नाही.

नटाखेरीज बाकीचं कामही पहिल्या वर्षीच हातात घ्या. नेपथ्याचे खिळे ठोका, इस्त्री करा, विंगेत प्रॉपर्टी लावा, दिवे फोकस करायला शिडीवर चढा. अंगणमंचावर उघड्यावर प्रयोग करायचा आणि बंद नाट्यगृहात करायचा यात आवाज, प्रकाश, हालचाल सगळंच बदलतं, ते हाताने केल्याशिवाय कळत नाही. शिवाय पोट यावरच भरतं. बॅकस्टेजच्या माणसाला नाईट, म्हणजे प्रयोगामागे पैसे, मिळते, चांगला लाइट ऑपरेटर रिकामा बसत नाही. विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजनाही आहे. रोज थोडे तास काम, त्याचं मानधन. मेसचा काही खर्च निघतो. फक्त तालमीशी वेळ जुळवून घ्या.

पुण्यात राहून नाटक न पाहणारे विद्यार्थी असतात, मला त्यांचं कोडं सुटलेलं नाही. शनिवार पेठेतलं सुदर्शन रंगमंच, सदाशिव पेठेतलं भरत नाट्य मंदिर, १९६८ पासूनचं बालगंधर्व रंगमंदिर ही तीन नावं पाठ करा. पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. त्याच्या प्राथमिक फेऱ्या बसून बघा, वाईट एकांकिकासुद्धा. वाईट एकांकिकेत चूक कुठं झाली ते लगेच दिसतं. डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला भारतीय बैठकीत बसा, तिकीट परवडतं. बालगंधर्वांचं बालपण काही काळ जळगावात गेलं आणि गाण्याचे पहिले धडे तिथंच मिळाले, ही गोष्ट पुणेकर मित्रांना अधूनमधून ऐकवायला हरकत नाही.

घरच्यांशी बोलणं सोपं नसतं. ‘नाटकाची डिग्री घेऊन करशील काय?’ हा प्रश्न आखाजीला, लग्नात, रसवंतीवर, कुठेही येईल. त्याला टीव्हीवरच्या नटांची नावं सांगून उत्तर देऊ नका, कारण तसं तुमचं होईलच असं नाही. नेट परीक्षेत संगीत आहे, नृत्य-नाट्यही आहे, एम.ए.नंतर ती पास झालात तर प्राध्यापकीचा रस्ता आहे, जागा कमी असल्या तरी. शाळांना नाट्यशिक्षक लागतात, आकाशवाणीला आवाज लागतात, इव्हेंटवाल्यांना प्रकाश-ध्वनीची माणसं लागतात. बापाला हे समजतं. पहिल्या वर्षाच्या प्रयोगाला आईवडिलांना पुण्याला बोलवा, पुढच्या रांगेत बसवा. माझ्या पाहण्यात भांडणं बहुतेक वेळा तिथंच मिटलीत.

सुट्टीत गावी गेलात की नुसते झोपा काढू नका. एम.ए.च्या प्रबंधाचा विषय तिथं बसलाय. डफाच्या तालावरचं वहीगायन, नंदुरबारकडची सोंगाड्या पार्टी, होळीतलं रोडालीचं नाच-गाणं, कानबाईची गाणी, आखाजीला झोक्यावर म्हणायची गौराईची गाणी. म्हणणाऱ्या बायका साठी-सत्तरीच्या पुढच्या आहेत. फोनवर रेकॉर्ड करा, आधी विचारून करा, प्रत्येक फाइलला गाव, तारीख आणि म्हणणारीचं नाव द्या. आणि कलावंताला पैसे द्या. पाचशे असोत की दोनशे, रुमालात बांधून द्या, ‘अभ्यासासाठी आहे’ म्हणून फुकटात उचलू नका. उद्या तेच गाणं तुमच्या प्रयोगात वापरलं तर पत्रिकेत त्या बाईचं नाव छापा. चाळीसगावला उतरणार असाल तर स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर बघून या. आयुष्यातला मोठा काळ त्या घराबाहेर क्वचितच पडलेल्या या माणसाने टेबलावर वस्तू मांडून जी छायाचित्रं काढली, ती प्रकाशयोजना शिकणाऱ्याने तरी चुकवू नयेत.

जाण्यायेण्याचं तेवढं राहिलं. शिवाजीनगरचं एस.टी. स्टँड मेट्रोच्या कामामुळे २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हललं; गावाहून येणाऱ्या आईवडिलांना हे सांगून ठेवा, नाहीतर ते रिक्षावाल्याशी हुज्जत घालत बसतील. जळगाव, पाचोरा, चाळीसगावच्या लोकांना महाराष्ट्र एक्सप्रेस बरी, रात्री पुण्यात बसलं की सकाळी घरी. धुळे, शिरपूर, नंदुरबारवाल्यांना एस.टी. किंवा ट्रॅव्हल्स. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि दिवाळीचं काही मिनिटांत संपतं. तिकीट काढण्याआधी दिग्दर्शकाला प्रयोगाची तारीख विचारा. ती बदलणारच, म्हणून परतीचं तिकीट एक दिवस अलीकडचं काढा.