राख बंधाऱ्याच्या या चुका टाळा: पाणी कुठे उभं आहे ते आधी बघा

राख बंधारा, म्हणजे वीज केंद्रातली कोळशाची राख पाण्यासोबत साठवणारं बांध घातलेलं तळं, म्हटलं की नागपुरात कोराडी-खापरखेड्याकडचे अवाढव्य तलाव डोळ्यांसमोर येतात. जुलै 2022 मध्ये खसाळ्याचा बंधारा भर पावसात फुटला, राखेचं पाणी शेतांत आणि पुढे कोलार-कन्हान नद्यांमध्ये उतरलं, शहराच्या पाणीपुरवठ्यालाही फटका बसला. तेव्हापासून मोठ्या बांधांकडे लोकांची नजर असते. लहानांकडे कुणाचीच नसते. पाच-सात मीटर उंच, तीन-चार हेक्टरचा, छोट्या वीजसंचाची राख किंवा कोळसा धुणाऱ्या वॉशरीचा गाळ साठवणारा बांध पंप ऑपरेटरच्या भरवशावर चालतो. काही विचारलं तर उत्तर ठरलेलं: "दरवर्षी झिरपते ना भाऊ, काही नाही होत." पुढे ज्या चुका आहेत, त्या बहुतेक या एका वाक्याच्या पोटात आहेत.

स्लरी एकाच कोपऱ्यातून सोडणं

ही सगळ्यात आवडती चूक, कारण तिच्यात कष्ट सगळ्यात कमी. स्लरीचा, म्हणजे पाणी मिसळलेल्या राखेचा, पाइप एका कोपऱ्यात आणून सोडला की काम झालं. पण स्लरीतली जाड राख तोंडाजवळच बसते, बारीक राख आणि पाणी लांब वाहत जातं आणि समोरच्या बांधाला जाऊन टेकतं. वर्षभरात तळ्याच्या एका बाजूला राखेचा डोंगर होतो आणि दुसऱ्या बाजूला पाण्याचा डोह. नेमकं तिथेच बांधाच्या आत पाण्याची पातळी चढते, पायथा ओला होतो आणि बारीक, भुसभुशीत राख बांधाला खेटून बसते. उद्या बांध वाढवायचा म्हटलं तर त्याचा पाया हीच राख.

उपाय जुना आहे. स्लरीची लाइन बांधाच्या माथ्यावरून फिरवा, दर 15-20 मीटरवर टी (फाटा काढणारा जोड) आणि व्हॉल्व्ह ठेवा आणि दोन-तीन तोंडं आळीपाळीने चालवा. जाड राख बांधालगत बसते, उतार आतल्या बाजूला तयार होतो आणि पाणी डिकँट टॉवरभोवती, म्हणजे वरचं नितळ पाणी बाहेर काढणाऱ्या मनोऱ्याभोवती, राहतं. 200 मीटर लांब-रुंद तळं असेल तर बांधापासून किमान 50 मीटर कोरडा पट्टा दिसलाच पाहिजे. दिसत नसेल तर बाकीची तपासणी थांबवा आणि आधी तोंडं बदला. व्हॉल्व्हचा खर्च वाचवणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. तो खर्च पुढे पोकलेनच्या भाड्यात निघतो.

मे महिन्यात याच चुकीचं एक साळसूद रूप दिसतं. 45 अंशांच्या उन्हात राख उडते, गावातून तक्रार येते, मग धूळ दाबायला सगळं तळं काठोकाठ पाण्याखाली ठेवलं जातं. धूळ बसते खरी, पण मृगाच्या तोंडावर तळं भरलेलं असतं. धुळीसाठी फवारे लावा. जो भाग वापरात नाही त्यावर 15-20 सेंटिमीटर माती टाकून गवत येऊ द्या.

फ्रीबोर्ड अंदाजाने सांगणं

पाण्याची पातळी आणि बांधाचा माथा यांतलं अंतर म्हणजे फ्रीबोर्ड, हे सगळ्यांना पाठ असतं. माथा म्हणजे माथ्याची सगळ्यात खालची जागा, हे कुणाला आठवत नाही. जिथून ट्रॅक्टर रोज बांध ओलांडतो तिथे चाकोरीने 30-40 सेंटिमीटर सहज खाल्लेले असतात, आणि बांधावरून पाणी गेलं तर तिथूनच जाणार. मिस्त्री वापरतात ती पाणी भरलेली लेव्हल नळी घेऊन पावसाआधी पूर्ण माथा दर 20 मीटरवर मोजा. खड्डे मुरूम टाकून, पाणी मारून, रोलरने दाबून भरा. नुसता मुरूम ओतून डंपरने चेपणं म्हणजे दाबणं नव्हे.

आता हिशेब. तळं 4 हेक्टरचं, बाजूच्या टेकाडावरून आणखी 6 हेक्टरचं पाणी आत येतं. दिवसात 150 मिलिमीटर पाऊस झाला तर 15 हजार घनमीटर पाणी पडलं. पाचवा हिस्सा मुरला धरा, 12 हजार उरलं. सगळे त्याला 4 हेक्टरने भागतात आणि म्हणतात, पाणी 30 सेंटिमीटर चढेल. पण तळ्यात बहुतेक जागा राखेने व्यापलेली आहे, पाणी फक्त 1 हेक्टरवर आहे. मग चढ 1.2 मीटर. पाणी पसरत जातं म्हणून थोडा कमी भरेल, पण 30 सेंटिमीटर नक्की नाही. असा पाऊस पडत नाही असं वाटत असेल तर 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठवा. काही तासांत 100 मिलिमीटरच्या वर पाऊस आणि अंबाझरी ओसंडून खाली वस्तीत. टेकाडाचं पाणी बाहेरून वळवणारी चर आधी खणली असती तर वरच्या हिशेबातला मोठा भाग आलाच नसता. ती चर दरवर्षी मे महिन्यात गाळाने भरलेली सापडते.

पाणी भलत्या जागी आणि फ्रीबोर्ड शून्य, या दोन चुका एकत्र आल्या की काय होतं ते दक्षिण आफ्रिकेतल्या मेरीस्प्रुटला दिसलं. सोन्याच्या खाणीचा गाळ साठवणारा 31 मीटर उंच बांध, आणि वस्ती तिथून जेमतेम 300 मीटरवर. तो कप्पा कागदावर बंद झालेला होता, तरी त्यात पाणी सोडणं चालूच होतं. डोह डिकँटपासून सरकत उत्तरेकडच्या भिंतीला टेकला. त्यामुळे डिकँट असूनही निरुपयोगी झाला, पाण्याला बाहेर जायला वाट उरली नाही. त्या भिंतीच्या पायथ्याला ओल आणि लहान घसरणी आधीपासून होत्या, त्यांची डागडुजी होत राहिली. 22 फेब्रुवारी 1994 च्या संध्याकाळी पन्नासेक मिलिमीटरचा वळीव पडला. पाणी माथ्यावरून गेलं, त्याने पायथा खरवडला आणि भिंत टप्प्याटप्प्याने ढासळली. सुमारे 6 लाख घनमीटर गाळ वस्तीत घुसला, 17 माणसं गेली. पन्नास मिलिमीटर म्हणजे आपल्याकडे पोळ्याच्या आसपासचा एक साधा दिवस.

झिरपा मातीने लिंपणं

पायथ्याला पाणी दिसलं की पहिला फोन काळी माती आणणाऱ्या ट्रॅक्टरला जातो. खालच्या उतारावर मातीचा गिलावा बसतो, पाणी दिसेनासं होतं, फोटो वर पाठवला जातो. पाणी मात्र गेलेलं नसतं. ते आत अडतं, बांधातली पातळी चढते आणि महिन्याभराने उताराच्या मधोमध नवीन ओल फुटते.

पाझराला बाहेर येऊ द्यायचं, माती-राखेला येऊ द्यायची नाही, एवढंच काम आहे. ओल्या जागेवर आधी धुतलेल्या रेतीचा 15 सेंटिमीटर थर, त्यावर 10-20 मिलिमीटर गिट्टीचा 15 सेंटिमीटर, त्यावर 30 सेंटिमीटर दगड, आणि खाली टो ड्रेनला, म्हणजे पायथ्याच्या निचरा चरीला, जोड. क्रशरची चुरी रेतीऐवजी चालत नाही, ती तुंबते. स्वस्त पडते म्हणून आग्रह धरणारे ठेकेदार नेहमी भेटतील.

मग पाझर मोजा. टो ड्रेनच्या शेवटी 90 अंशांची व्ही-नॉच, म्हणजे व्ही आकाराची खाच असलेली पाटी, बसवा. खाचेच्या टोकापासून पाणी 5 सेंटिमीटर वर असेल तर सेकंदाला पाऊण लिटरच्या आसपास, 10 सेंटिमीटर असेल तर सव्वाचार लिटरच्या वर. उंची दुप्पट, पाणी जवळजवळ सहापट. म्हणून "थोडं वाढलं" अशी नोंद वहीत चालत नाही, आकडा लागतो. शेजारी काचेच्या बाटलीत रोज नमुना भरून ठेवा. सकाळी तळाशी राख बसलेली दिसली तर बांध आतून वाहतो आहे. पाझर थोडा असला तरी हे गंभीर आहे, आणि भरपूर पण नितळ पाझरापेक्षा वाईट.

बाकीच्या, थोडक्यात

सुबाभूळ आणि बेशरम बांधावर वाढू देऊ नका. झाड मोठं झाल्यावर कापलं तर मुळं कुजून आत नळ्या तयार होतात. घुशीचं बीळ नुसतं बुजवू नका, शेवटपर्यंत उकरून मग भरा.

काळ्या मातीच्या बांधाला उन्हाळ्यात आडव्यातिडव्या भेगा पडणारच. पण माथ्यावर बांधाच्या लांबीने एकच धनुष्यासारखी भेग गेली आणि तिची एक कड खाली बसली असेल, तर ती उन्हाची नाही. दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून अंतर रोज मोजा आणि ताडपत्री टाका, पाणी आत जाऊ देऊ नका.

डिकँटच्या तोंडावरच्या, पाण्याची पातळी ठरवणाऱ्या फळ्या एकदम तीन-चार टाकू नका. पाण्यावर तरंगणारी हलकी राख टॉवरच्या तोंडाशी अडकते, तिच्यासाठी तरंगता अडसर लावा.

बांधाच्या आतली पाण्याची पातळी दाखवणाऱ्या पीझोमीटरचं वाचन नुसतं वहीत लिहिणं म्हणजे न घेतल्यासारखंच. आलेख काढा.

स्थिरतेचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावू नका. ब्राझीलच्या ब्रुमाजिन्योचा बांध 25 जानेवारी 2019 ला कोसळून 270 माणसं गेली, त्याच्याकडे आधल्याच वर्षीचं प्रमाणपत्र होतं.

बाटलीत राख दिसली तर

आधी स्लरी बंद. मग जिथून गढूळ पाणी येतं तिथे रेतीच्या पोत्यांचं कडं करा, पाणी नितळ होईपर्यंत एकेक थर चढवा. तोंड बंद करू नका. खालच्या गावाच्या सरपंचाला आणि पोलीस पाटलाला तेव्हाच कळवा. त्यांचे नंबर पंपघराच्या भिंतीवर रंगवलेले असावेत. घाईत बांधाला चर मारून पाणी सोडणारे असतात. ती चर पाच मिनिटांत नाल्याएवढी होते आणि मग ती कुणाच्या हातात राहत नाही. पाणी पंपानेच काढा. पण तासाला 100 घनमीटर उपसणारा एक पंप वरचे 12 हजार घनमीटर काढायला 120 तास घेतो, म्हणजे सलग पाच दिवस. तेव्हा दोन डिझेल पंप मे महिन्यातच आणून, अर्धा तास पाण्यावर चालवून ठेवा.