ट्राउट आणि टर्बोटमधील विषाणूजन्य रक्तस्रावी रोग: शंका आल्यावर काय करावे

मत्स्यसंवर्धनातील पाणी १४ अंश सेल्सिअसपेक्षा थंड असताना रेनबो ट्राउट किंवा टर्बोट हे मासे अचानक मरू लागले, तर विषाणूजन्य रक्तस्रावी सेप्टिसीमियाची (विषाणूचा संसर्ग रक्तातून शरीरभर पसरून रक्तस्राव घडवणाऱ्या रोगाची) शंका प्रथम घ्यावी. १५ अंशांच्या वर तो क्वचितच उद्भवतो. अंग काळवंडणे, डोळे बाहेर येणे, कल्ले फिकट पडणे आणि परांच्या मुळाशी रक्तस्राव होणे ही लक्षणे तपासावीत. मज्जासंस्था बाधित झालेले मासे गिरक्या घेत पोहतात, परंतु अंगावर खूण नसल्याने नेमके तेच नजरेतून सुटतात.

इतर विषाणूंमुळेही असेच चित्र दिसत असल्याने केवळ लक्षणांवर निदान करू नये. मरणासन्न माशांचे मूत्रपिंड, प्लीहा व हृदय न गोठवता बर्फावर ठेवून आरटी-पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या) चाचणीसाठी पाठवावे आणि पशुवैद्यकीय यंत्रणेस त्वरित कळवावे.

या रोगावर औषध नाही. प्रतिजैविके विषाणूवर निरुपयोगी ठरतात. विषाणू माशांच्या मूत्रावाटे पाण्यात पसरत असल्याने माशांची ने-आण थांबवावी, मृत मासे रोज काढावेत, जाळी व बूट निर्जंतुक करावेत आणि कच्चे सागरी मासे खाद्य म्हणून देऊ नयेत. अंडी आयोडोफोर या आयोडीनयुक्त जंतुनाशकाच्या १०० पीपीएम (दहा लाख भागांत १०० भाग) द्रावणात १० मिनिटे ठेवावीत.