अ‍ॅक्सेस पॉइंटच्या दुसऱ्या लॅन पोर्टवर टीव्ही किंवा प्रिंटर कसा जोडावा

अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणजे केबलने आलेलं नेटवर्क वाय-फायवर देणारं उपकरण. युनिफाय एसी प्रोसारख्या अ‍ॅक्सेस पॉइंटला मागे दोन लॅन पोर्ट असतात. ‘मेन’ पोर्टमध्ये पीओई केबल येते, म्हणजे वीज आणि डेटा दोन्ही एकाच केबलने. शेजारचा ‘सेकंडरी’ बहुतेक ठिकाणी रिकामाच असतो. टीव्ही किंवा प्रिंटरसाठी थेट राउटरपासून नवी केबल ओढण्याआधी तो वापरा.

आधी पोर्टवरची नावं नीट वाचा. स्विचकडून (नेटवर्कच्या केबली एकत्र जोडणाऱ्या डब्याकडून) आलेली केबल मेनमध्येच हवी. ती सेकंडरीत गेली, तर एसी प्रो चालूच होत नाही. मग सेकंडरीपासून टीव्हीपर्यंत कॅट ५ई किंवा कॅट ६ केबल लावा. १०० मीटरची मर्यादा इथून नव्याने मोजायची.

या पोर्टमधून वीज मिळत नाही. कॅमेरा किंवा आयपी फोन लावायचा तर त्याला स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर द्या. भिंतीत बसणाऱ्या काही मॉडेलमध्ये एक पोर्ट पुढे पीओई देतो, पण त्यासाठी मागचा स्विच सहसा ८०२.३एटी या पीओई मानकाचा, म्हणजे ३० वॉटचा लागतो. १५.४ वॉटवर वाय-फाय चालतं आणि फोन मात्र बंद राहतो.

जोडल्यावर टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये आयपी पत्ता पाहा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून (उपकरणांना आपोआप आयपी पत्ता देणाऱ्या, सहसा राउटरमधल्या सेवेकडून) पत्ता आलेला नाही. आधी केबल तपासा. लॅपटॉप लावल्यावर लिंक १ गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटवर अडकली, तर बहुतेक वेळा क्रिम्पिंग (केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवणं) कच्चं असतं. गिगाबिटला आठही तारा लागतात. दोन्ही टोकांना क्रम एकच ठेवा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी.

सेकंडरीची केबल फिरून त्याच स्विचमध्ये लावू नका. लूप तयार होतो, आणि स्विचमध्ये एसटीपी (लूप ओळखून तोडणारी सोय) चालू नसेल तर सगळं नेटवर्क ठप्प होतं. जुना राउटर जोडायचा असेल तर त्याचा डीएचसीपी बंद करा, त्याचा आयपी बदला आणि केबल त्याच्या वॅन (इंटरनेटच्या) पोर्टमध्ये नव्हे, लॅन पोर्टमध्ये घाला.

सगळ्यात जास्त काळजी घ्यायची ती गेस्ट वाय-फायची. लॉजमध्ये किंवा दवाखान्यात पाहुण्यांचं वाय-फाय वेगळं केलेलं असतं, पण हा सेकंडरी पोर्ट त्या कुंपणाबाहेर आहे. त्याच्यात लॅपटॉप खुपसणारा थेट तुमच्या मुख्य नेटवर्कवर येतो, बिलिंगचा कॉम्प्युटर आणि प्रिंटर असतात तिथेच. पासवर्डही विचारला जात नाही. हात पोचेल अशा उंचीवर अ‍ॅक्सेस पॉइंट असेल तर पोर्ट रिकामा सोडू नका. लॉक होणारं प्लग मिळतं, ते बसवा. पाहुण्यांच्या खोलीत वायरचं कनेक्शन द्यायचंच असेल, तर प्रत्येक पोर्टला वेगळं व्हीलॅन (त्याच केबलींवरचं स्वतंत्र नेटवर्क) देता येणारं भिंतीतलं मॉडेल घ्या.

फर्मवेअर (उपकरणातलं सॉफ्टवेअर) अपडेटच्या वेळी अ‍ॅक्सेस पॉइंट रीस्टार्ट होतो आणि या पोर्टवरचं उपकरणही तेवढा वेळ नेटवर्कबाहेर जातं. कॅमेऱ्याचा रेकॉर्डर म्हणूनच इथे नको, तो सरळ स्विचवर लावा.