अंथरुणावरच्या रुग्णाची स्वच्छता: घरोघरी होणाऱ्या या चुका टाळा

पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेली असो, खुब्याचे हाड मोडलेले असो, किंवा हृदयाच्या वा फुप्फुसांच्या जुनाट आजाराने चार पावले चालताच धाप लागत असो, रुग्ण घरी आला की औषधांच्या वेळा सगळ्यांना पाठ होतात. त्याचे अंग रोज कसे स्वच्छ ठेवायचे, हे मात्र बहुधा कोणी करून दाखवलेले नसते. घरातली माणसे मग हे काम मायेने, पण अंदाजाने करतात आणि त्यातून काही चुका घरोघरी सारख्याच होतात. त्यांतल्या बऱ्याचशा चुकांचे मूळ एकच आहे: अंगावर पाणी पडले म्हणजे स्वच्छता झाली, असे आपण धरून चालतो. आजारी माणसाच्या बाबतीत पाणी किती वापरले यापेक्षा कोणती जागा पुसली, ती पूर्ण कोरडी झाली का आणि पुसताना आपण त्वचा नीट पाहिली का, याला कितीतरी अधिक महत्त्व आहे.

पूर्ण अंघोळीचा हट्ट, नाहीतर काहीच नाही

काही घरांत रुग्णाला कसेबसे उचलून रोज मोरीपर्यंत नेले जाते. त्यात तो दमतो, कधी पडतो आणि नेणाऱ्याची कंबर धरते. काही घरांत याच्या उलट, ‘जरा बरे वाटू दे, मग घालू अंघोळ’ असे म्हणता म्हणता आठवडे जातात. अंथरुणावरच्या बहुतेक रुग्णांचे संपूर्ण अंग आठवड्यातून दोन-तीनदा पुसले तरी पुरते. परंतु चेहरा, तोंड, हात, काखा, स्तनांखालची व पोटाची घडी, जांघा, गुप्तांग, शौचाची जागा आणि पायांच्या बोटांच्या बेचक्या यांना एक दिवसही सुटी नको. हे काम करायला वीस मिनिटे मिळाली तरी चालते आणि थकलेल्या रुग्णासाठी ते सकाळ-संध्याकाळ वाटूनही करता येते.

जुन्या पिढीतील अनेकांना पारोसे राहून चहाचा घोट घेणेही जिवावर येते, आणि ही खंत आजाराइतकीच त्यांना पोखरते. अशांचे अंग सकाळीच पुसावे, धुतलेले कपडे घालावेत, हवे असल्यास कपाळाला गंध लावावे. त्यांचे मन शांत झाले की जेवणही नीट जाते. दिवाळीत अभ्यंगस्नानाचा आग्रह असेल तर हातापायांना कोमट तेल हलक्या हाताने लावून मग पुसून घ्यावे, मात्र वृद्धांच्या पातळ त्वचेवर उटणे घासू नये. एकाच पोटरीला सूज आणि दुखणे असेल तर तो पाय अजिबात चोळू नये. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवावे.

ताप आहे म्हणून अंग पुसायचे नाही, ही समजूतही सोडून द्यावी. तापात कोमट पाण्याने पुसल्यास बरेच वाटते. बर्फाचे पाणी मात्र नको, त्याने हुडहुडी भरते. स्पिरिटही नको, कारण ते त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जाऊ शकते.

तयारी अर्धवट ठेवून सुरुवात करणे

रुग्णाला कुशीवर वळवून ठेवायचे आणि मग टॉवेल आणायला आत जायचे, ही चूक दिसायला लहान आहे. पण रुग्ण पलंगावरून खाली पडण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. म्हणून कोमट पाण्याची दोन भांडी, मऊ सुती फडकी, कोरडे पंचे, गादीवर घालायचे मेणकापड, स्वच्छ कपडे आणि कचऱ्याची पिशवी हे सगळे हाताशी आल्याशिवाय पांघरूण काढू नये. फडक्यांसाठी जुन्या सुती साडीसारखे दुसरे कापड नाही. स्पंज टाळावा, कारण तो आतून ओला राहतो आणि त्यात जंतू वाढतात. चेहऱ्याचे, अंगाचे आणि गुप्तांगाचे फडके वेगवेगळे ठेवावे, रोज गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे. पंखा बंद करावा, खिडकी लोटून घ्यावी. जेवणानंतर लगेच हे काम काढू नये, आणि हालवले की दुखत असेल तर दुखणे कमी करणारी गोळी दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने सुरुवात करावी. एवढ्या बदलानेच पुष्कळ रुग्णांचा विरोध मावळतो.

कडक पाणी, जास्त साबण, जंतुनाशकाचा वास

‘गरम पाण्याने कसे मोकळे वाटते’ हे धडधाकट माणसाच्या बाबतीत खरे आहे. मधुमेहामुळे पायांची संवेदना गेलेल्या किंवा पक्षाघात झालेल्या रुग्णाला पाणी भाजते आहे हे कळतच नाही आणि फोड आल्यावर घरच्यांच्या लक्षात येते. पाण्याचा अंदाज आपल्या कोपराने किंवा मनगटाच्या आतल्या बाजूने घ्यावा, बोटांनी नाही, कारण स्वयंपाकघरात काम करून सरावलेल्या बोटांना बरेच गरम पाणीही सोसते.

साबणाच्या बाबतीत आपली श्रद्धा गरजेपेक्षा मोठी आहे. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू (आम्लता मोजणारा पीएच अंक) साधारण 5 च्या आसपास असतो. नेहमीच्या साबणवडीचा सामू 9 ते 10, म्हणजे अल्कधर्मी असतो. रोज साबण चोळून तो नीट निघाला नाही तर त्वचेवरचे नैसर्गिक तेल जाते, खाज सुटते, भेगा पडतात आणि त्याच भेगांतून जंतू आत शिरतात. काखा, जांघा व शौचाची जागा सोडली तर बाकी अंगाला साध्या पाण्याने पुसले तरी पुरते. साबण लावलाच तर तो सौम्य असावा आणि दुसऱ्या भांड्यातल्या स्वच्छ पाण्याने दोनदा पुसून काढावा. पाण्यात जंतुनाशक द्रव ओतण्याची सवय अनेक घरांत आहे, कारण त्या वासाने रुग्णालयासारखे स्वच्छ वाटते. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते वापरू नये; पुरेसे पातळ न केलेले जंतुनाशक नाजूक त्वचा जाळते.

पुसण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. डोळे नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या दिशेने, प्रत्येक डोळ्याला फडक्याचा नवा भाग. मग चेहरा, मान, हात, छाती, पोट, पाय, पाठ आणि सर्वांत शेवटी गुप्तांग व शौचाची जागा. मध्ये पाणी बदलावे. स्त्रियांच्या बाबतीत पुसण्याची दिशा नेहमी पुढून मागे असावी, म्हणजे शौचाचे जंतू मूत्रमार्गाकडे जात नाहीत. पुरुषांच्या बाबतीत अग्रत्वचा (शिश्नाच्या टोकावरची सैल त्वचा) हलकेच मागे घेऊन स्वच्छ केल्यास ती आठवणीने पुन्हा पुढे आणावी. ती मागेच राहिली तर सूज येऊन तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

ओले ठेवणे आणि वरून पावडर टाकणे

सगळ्या चुकांमध्ये ही सर्वाधिक त्रास देणारी आहे. अंग पुसले जाते, पण घड्यांमध्ये ओल राहते आणि ती लपवायला टाल्कम पावडर भुरभुरली जाते. पावडर घामात भिजून तिचे गोळे होतात, ते त्वचेला घासतात आणि ज्याला दमा आहे त्याच्या श्वासातही जातात. स्तनांखाली किंवा जांघेत लालसर, चिघळलेला, कडेला बारीक पुटकुळ्या असलेला पट्टा दिसला तर बहुधा बुरशीचा संसर्ग झालेला असतो. तेथे पावडर, हळद किंवा घरातले जुने मलम न लावता डॉक्टरांना विचारून बुरशीवरचे औषध लावावे. कोरडे करताना घासू नये, पंचा दाबून पाणी टिपावे. घड्या एकमेकींना चिकटत असतील तर मधे मऊ सुती कापडाची पट्टी ठेवावी आणि ती ओली झाली की बदलावी. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत कपडेच वाळत नाहीत, तेव्हा पट्ट्या जास्त करून ठेवाव्यात आणि शेवटी इस्त्रीने सुकवाव्यात.

हातापायांना मात्र ओलावा हवा असतो. अंग टिपून झाल्यावर त्वचा किंचित दमट असतानाच खोबरेल तेल किंवा बिनवासाचे मलम लावावे. बोटांच्या बेचक्यांत आणि घड्यांत ते लावू नये.

पाठ पाहायची राहून जाणे

अंग पुसण्याच्या वेळी रुग्णाची त्वचा नीट पाहायला मिळते, आणि खरे तर या कामाचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे. माकडहाड, टाचा, खुबे, खांद्यांची पाती, कोपरे आणि डोक्याची मागची बाजू या जागांवर शरीराचा भार सतत पडतो, तेथला रक्तपुरवठा तुटतो आणि शय्याव्रण, म्हणजे बेडसोअर, सुरू होतो. तेथे लाली दिसली तर बोटाने दाबून सोडावे. जागा क्षणभर पांढुरकी होऊन पुन्हा लाल झाली तर रक्त फिरते आहे. दाबूनही ती लालच राहिली तर व्रणाची सुरुवात झाली आहे असे समजावे. सावळ्या त्वचेवर ही लाली दिसत नाही, आणि आपल्याकडच्या असंख्य रुग्णांमध्ये सुरुवातीची खूण याच कारणाने निसटते. तेथे शेजारच्या भागापेक्षा जांभळट किंवा काळपट छटा आहे का, जागा जास्त गरम, गार, कडक किंवा लिबलिबीत लागते का, हे हाताने चाचपून पाहावे.

अशा जागेवर मालीश करणे किंवा स्पिरिट चोळणे ही जुनी पद्धत आहे आणि ती अपायकारक आहे. चोळल्याने आतल्या आधीच दुखावलेल्या रक्तवाहिन्या फाटतात. मधे भोक असलेली हवेची रिंगही नको, तिच्या कडेमुळे भोवतीचा रक्तप्रवाह अडतो. उपाय भार काढण्याचा आहे: साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी, टाचा पोटरीखाली उशी देऊन अधांतरी ठेवाव्यात, आणि रुग्णाला सरकवताना ओढू नये, खाली घातलेल्या दुमडलेल्या चादरीसकट दोघांनी उचलावे. हवेची गादी आणली म्हणजे कूस बदलायला नको, असे पुष्कळ जण समजतात. ती मदत करते, कूस बदलण्याची जागा घेत नाही.

लुळ्या हाताला धरून कधीही ओढू नये, खांदा निखळतो. कपडे काढताना चांगला हात आधी बाहेर काढावा आणि घालताना लुळा हात आधी घालावा, म्हणजे ओढाताण होत नाही. जुन्या सदऱ्याची पाठ उभी कापून नाड्या लावल्या तर हे काम आणखी सोपे होते.

डायपर आणि लघवीची नळी

डायपर महाग असतो, म्हणून तो भरेपर्यंत ठेवण्याचा मोह होतो, आणि तो समजण्यासारखा आहे. तरीही शौच झाल्यास तो लगेच काढलाच पाहिजे, कारण लघवी आणि शौच एकत्र आले की त्वचा फार लवकर सोलवटते. दिवसा घरचे कोणी जवळ असेल तेव्हा डायपर न लावता खाली शोषक अंडरपॅड घालून त्वचेला हवा लागू द्यावी, खर्चही वाचतो. पुसून कोरडे केल्यावर झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर लावावा. पुढच्या वेळी वरची घाण तेवढी पुसावी, सगळे मलम खरवडून काढू नये.

लघवीची नळी बसवलेली असेल तर ती शरीरातून जेथे बाहेर येते तेथून दूर जाण्याच्या दिशेने, साध्या पाण्याने व सौम्य साबणाने रोज पुसावी. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली हवी, पण जमिनीवर टेकलेली नको. रुग्णाला वळवताना पिशवी उचलून त्याच्या पोटावर ठेवली जाते, तेव्हा जुनी लघवी उलटी वर चढण्याचा धोका असतो.

मोरीपर्यंत जाऊ शकणाऱ्यांसाठी

उभ्याने अंघोळ नको, आणि खाली पाटावरही नको, कारण तेथून उठताना चक्कर येते. पायांना रबरी बूच असलेले, न घसरणारे स्टूल ठेवावे. टॉवेल अडकवायच्या दांडीला धरून उठू नये, ती भार पेलत नाही. पक्का बसवलेला धातूचा आधार हवा. आतून कडी लावू नये. गॅसचा गीझर असेल तर बादली आधी भरून, गीझर बंद करून, दार-खिडकी उघडून मगच रुग्णाला आत न्यावे. बंद न्हाणीघरात गीझरमुळे साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नसतो, वासही नसतो. बादलीत हीटरचा रॉड असेल तर प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नये. धाप लागणाऱ्या रुग्णाची ऑक्सिजनची नळी अंघोळीत काढू नये, आणि अंग पुसण्याची धडपड टाळण्यासाठी त्याला मोठा पंचा गुंडाळून निवांत बसू द्यावे.

विचारल्याशिवाय पांघरूण काढणे

सासऱ्यांचे अंग पुसणारी सून आणि आईचे अंग पुसणारा मुलगा, दोघांनाही अवघड वाटते, आणि ज्याचे अंग पुसायचे त्याला तर अधिकच. ‘आता हात पुसते हं, बाबा’ असे सांगून, जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा ठेवून बाकी चादरीने झाकावे. रुग्णाला जमत असेल तर गुप्तांग पुसण्याचे फडके त्याच्याच हातात द्यावे. स्मृतिभ्रंश झालेले आजी-आजोबा अंगावर धावून येत असतील तर हट्ट करू नये. अर्ध्या तासाने, दुसऱ्या माणसाने, चेहऱ्याऐवजी पायांपासून सुरुवात करून पाहावे.

सगळे करूनही वास येत असेल तर

अत्तर किंवा उदबत्तीने वास दाबू नये, त्याचा उगम शोधावा. पहिले तोंड पाहावे: कवळी रात्री काढून घासलेली नसते, जिभेवर पांढरा थर असतो. मऊ ब्रशने दिवसातून दोनदा तोंड स्वच्छ केल्यास फुप्फुसांत जाणारे जंतूही कमी होतात. मात्र रुग्णाला अर्धवट बसवून किंवा कुशीवर वळवूनच हे करावे, बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात पाणी ओतू नये. त्यानंतर बेंबी, कानांमागची जागा, मेणकापडाखालची गादी, लघवीची पिशवी तपासावी. सतत थोडे थोडे पातळ शौच होत असेल तर कधी कधी आत कडक शौच साचून बाजूने पाणी झिरपत असते, आणि त्यावर जुलाब थांबवणारे औषध दिल्यास ते आणखी बिघडते.

व्रणातून वास येणे, त्याभोवती लाली पसरणे, लघवी गढूळ होऊन थंडी वाजून ताप येणे, किंवा रुग्ण अचानक बरळू लागणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे आणि व्रणाचा फोटो काढून तो त्यांना दाखवावा.